बिनपाण्याचा गुलाब

घरात तिला शेंग म्हणत. नवव्या वर्षापासून ती जी उभी वाढत सुटली, ती आडवी वाढायचं विसरूनच गेली. हे नाव आत्यानं ठेवलं होतं, आणि आत्यानं ठेवलेलं नाव सरकारी कागदावरच्या नावापेक्षा पक्कं असे. बाबांचं किल्ल्या करून द्यायचं दुकान होतं. खाली दुकान आणि वर तीन खोल्या. शेंगेची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून बाबांची ही थोरली बहीण घराचा कारभार बघत होती. टेलिफोन खात्यात तिनं एकतीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले होते, आणि निवृत्त झाल्यावरही दुसऱ्यांच्या बोलण्यात मध्येच शिरायची तिची सवय सुटली नव्हती.

शाळा संपली तेव्हा शेंगेचे गुण असे होते की तिला हवं ते घेता आलं असतं. तिनं वनस्पतिशास्त्र घेतलं. चुकून नाही, कुठे जागा मिळाली नाही म्हणूनही नाही, अगदी जाणूनबुजून.

"झाडांचं शिकून माणूस काय होतो?" आत्यानं विचारलं.

"वनस्पतिशास्त्रज्ञ."

"ते कळलं गं. पण मग पोटाला काय करतो?"

बाबा कानस घासत म्हणाले, "शिकू दे ताई. कुलूप आधी, किल्ली नंतर." आत्याला याचा अर्थ लागला नाही. खरं तर बाबांनाही नीट लागला नसावा, पण ऐकायला बरं वाटलं आणि विषय तिथेच मिटला.

विद्यापीठात पहिल्याच तासाला तिची गाठ भिंगवाल्या सरांशी पडली. सरांच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग कायम लटकत असे. जेवतानाही ते काढत नसत, त्यामुळे त्याला अधूनमधून आमटीही लागलेली असे. त्यांनी टेबलावर गुलाबाची एक डहाळी ठेवली, तिच्यावरचा एक हिरवा झुबका दाखवला आणि विचारलं, "किती पानं?" सगळ्यांनी मोजली. "पाच," वर्ग म्हणाला.

"एक," सर म्हणाले. "या पाच पर्णिका. एकाच पानाच्या पाच फाळ्या. पान कुठे संपतं हे ज्याला सांगता येत नाही, त्यानं पुढच्या भानगडीत पडू नये. देठाच्या बगलेत बघा. कळीचा डोळा जिथे बसलाय तिथे पान सुरू होतं."

शेंगेनं वाकून बघितलं. डोळा होता, मोहरीएवढा, लालसर. आयुष्यभर गुलाब बघूनही तो तिला कधी दिसला नव्हता. आपल्याला आजवर कुणीतरी फसवत होतं आणि आज एकदाचं खरं सांगितलं, असं तिला वाटलं. पुढची पाच वर्षं ती त्या भिंगामागे फिरली. डबक्यांत उतरली, भिंतींवरचं शेवाळ खरवडलं, वर्तमानपत्रांत फांद्या दाबून घर भरून टाकलं. आत्यानं कालचा पेपर उघडला की त्यातून कोणाची तरी वाळकी पानं मांडीवर पडायची.

पाच वर्षांनी पदवी हातात आली आणि वर्ग पांगला. एकीला बियाण्यांच्या कंपनीनं उगवण तपासायला घेतलं. एकजण औषधांच्या कारखान्यात, मुळ्यांच्या पावडरीत मुळी किती आणि भुसा किती हे सूक्ष्मदर्शकातून सांगू लागला. एकजण परीक्षा देऊन वनखात्यात गेला, आणि एकजण विमानतळावर लोकांच्या सामानातली चोरटी रोपं अडवायच्या कामाला लागला, आपल्या गणवेशाचे फोटो पाठवत. शेंग मात्र जिथे जाई तिथून हात हलवत परत येई. रोपवाटिकेच्या मालकानं तिची उंची बघून विचारलं, वरच्या फळीवरच्या कुंड्या काढता येतील का. बागा आखून देणाऱ्या एका बाईंनी तिची सगळी वही चाळली आणि उसासा टाकला.

"हे सगळं छान आहे. पण तू सांगतेस ती झाडं वाढतात."

"हो," शेंग म्हणाली.

"तोच तर त्रास आहे. माझ्या गिऱ्हाइकांना लावलं तसंच राहणारं हवं असतं."

मग एक दिवस पेपरात दोन ओळींची जाहिरात आली: झाडांची नीट माहिती असलेली व्यक्ती पाहिजे. पत्ता कारखान्यांच्या वस्तीतला होता. शेंग एक बटण तुटलेला पण इस्त्री केलेला शर्ट घालून निघाली. मोठं पत्र्याचं छप्पर होतं, आणि आत शिरताच तापलेल्या प्लॅस्टिकचा वास नाकात गेला. एका बाजूला यंत्रं फुस्स करून हिरव्या पानांचे जुडगे बाहेर टाकत होती. दुसऱ्या बाजूला लांबलचक टेबलाशी पंधरा-वीस बायका तारांवर पानं बसवत होत्या, एका हातानं पान, दुसऱ्या हातानं तार, तोंडानं गप्पा. कोपऱ्यात फुलांचे डोंगर होते. एकही फूल कधी उमललं नव्हतं आणि कधी कोमेजणारही नव्हतं.

मालकीणबाई टेबलामागून उठल्या. ठेंगण्या, घाईच्या आणि तोंडानं फटकळ.

"तू शिकलेली आहेस ना झाडांचं? मग हे बघ." त्यांनी एक वेल तिच्या पुढ्यात टाकली. "एका हॉटेलनं सबंध माल परत पाठवला. मॅनेजरची सासू जेवायला आली होती. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, पानं उलटी लावलीत. मॅनेजरची सासूपुढे शोभा झाली आणि माझी मॅनेजरपुढे. बावीस वर्षं धंदा करतेय, पानाला उलटं-सुलटं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

शेंगेनं वेल हातात घेतली. पानं खरोखरच पालथी होती. पण ती तक्रार सगळ्यांत किरकोळ होती. वेलीला काकडीची पानं होती, गुलाबाची फुलं होती, आणि मधूनमधून द्राक्षांसारखे घड लोंबत होते.

"हे कोणतं झाड आहे?" तिनं जपून विचारलं.

"नंबर अकरा. सगळ्यांत जास्त खपतं."

शेंगेच्या मनात आलं, इथून उठावं आणि सरळ घर गाठावं. भिंगवाल्या सरांना कळलं तर ते भिंग काढून ठेवतील. पण त्याच वेळी तिचा हात आपोआप त्या वेलीची पानं सुलटी करायला लागला होता. मालकीणबाईंनी ते बघितलं. "सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या.

घरी तिनं सांगितलं, झाडांच्या कंपनीत लागले. खोटं नव्हतं, फक्त जरा छाटलेलं होतं. आत्याला एवढं पुरलं. तिनं खालच्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या इमारतीला फोन न जोडताच बातमी पोचवली: आमची शेंग वनस्पतींवर संशोधन करते, नव्या जाती काढते. दुसरा भाग तसा खरा निघाला, कारण नंबर अकराची जात जगात दुसरीकडे कुठे नव्हती.

कारखान्यात तिचा पहिला सामना साचेवाल्या काकांशी झाला. पोलादाच्या ठोकळ्यांत पानाफुलांचे साचे कोरायचे ते. त्याआधी कंगव्यांचे आणि बादलीच्या कड्यांचे साचे कोरायचे. आपल्या हाताला तोड नाही हे त्यांना माहीत होतं, आणि कालची आलेली पोरगी आपल्याला पान शिकवणार हे त्यांना झेपत नव्हतं.

"मॅडम," ते 'मॅडम' असं म्हणत की शेंगेला आपण गुन्हा केल्यासारखं वाटे, "पान हे पान. हिरवं असलं, चपटं असलं की झालं."

"काका, कंगवा हा कंगवा असतो का? दात एकसारखे नकोत?"

"कंगव्याची गोष्ट वेगळी. कंगवा लोक वापरतात."

शेंगेनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी येताना तिनं रस्त्यावरच्या कुंपणातून गुलाबाची एक फांदी आणली आणि काहीएक न बोलता त्यांच्या बाकावर ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी दुसरी. चौथ्या दिवशी तिसरी. काकांनी पहिल्या दोन केरात टाकल्या. तिसरी आली तेव्हा, कुणी बघत नाही असं समजून, त्यांनी नाकावर चष्मा चढवला आणि पान खिडकीशी उजेडात धरलं. बराच वेळ धरलं. संध्याकाळी जाता जाता त्यांनी विचारलं, "या शिरा कडेपर्यंत जात नाहीत. आधीच वळून एकमेकींना मिळतात. असं का?"

"सांगते," शेंग म्हणाली, आणि तिची बस चुकली.

त्यानंतर काकांचे खिसे पानांनी भरायला लागले. घरी बायको कपडे धुताना ओरडते म्हणून ते तक्रार करत, पण तक्रारीचा सूर शेखीचा होता. गुलाबाचा नवा साचा त्यांनी सहा आठवडे कोरला. पर्णिकांच्या दातेरी कडा, देठाच्या बुडाशी चिकटलेली चिमुकली उपपर्णं, खाली वाकलेले काटे. काटे आधी त्यांनी सरळ केले होते. शेंगेनं बोट टेकवून दाखवलं, "वर चढताना अडकायला पाहिजे, उतरताना नाही." काकांनी मुकाट्यानं साचा पुन्हा धरला.

खरी अडचण टेबलाशी आली. आजवर बायका पानं समोरासमोर बसवत. दोन बोटांत दोन पानं, एक दाब, पुढे. शेंगेनं सांगितलं, गुलाबाला समोरासमोर पानं नसतात, एकाआड एक असतात, आणि तीही अशी फिरत जातात की खालच्याची सावली वरच्यावर पडू नये. टेबल गप्प झालं. टेबल गप्प झालं की कारखान्यात फक्त यंत्रांचा आवाज उरे आणि तो फार वाईट वाटे.

"खालच्याची सावली वरच्यावर कशी पडेल?" टेबलाच्या टोकाच्या बाईंनी विचारलं. सगळ्या त्यांना मावशी म्हणत.

"म्हणजे वरच्याची खालच्यावर," शेंग गडबडून म्हणाली.

"इथे आत ऊन येतं का?"

"नाही."

"मग सावली कशाला मोजायची? आमचा वेळ जातो त्यात, बाई."

मावशींचं चूक नव्हतं. शेंग तीन दिवस त्यांच्याच शेजारी स्टुलावर बसून पानं बसवत राहिली. पहिल्या दिवशी तिची बोटं सोलवटली आणि तिनं सबंध दिवसात जेवढ्या डहाळ्या केल्या तेवढ्या मावशी चहा ओतता ओतता करत. दुसऱ्या दिवशी तिला सरांचा तास आठवला: गुलाबाच्या फांदीवर एका पानापासून निघा, वर वर चढत जा, दोन फेऱ्या पुऱ्या होतात तेव्हा पाचवं पान ओलांडून तुम्ही बरोबर पहिल्याच्या डोक्यावर येता. दोन फेऱ्यांत पाच पानं. तिसऱ्या दिवशी ती काकांकडे गेली आणि तारेला त्या मापानं खाचा पाडून घेतल्या. आता पान शोधून बसवायचं नव्हतं. तार चिमटीत फिरवत जायची, खाच आली की पान टोचायचं. शेजारच्या पानाला बोट अडायचं नाही, कारण शेजारी पानच नसायचं. दुपारपर्यंत मावशींचा हात बसला. संध्याकाळी त्यांची टोपली रोजच्यापेक्षा लवकर भरली. त्यांनी ते शेंगेला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिच्या स्टुलावर एक उशी आली.

गुलाबाच्या नव्या मालाची पहिली डहाळी शेंगेनं पिशवीत टाकून घरी नेली. कळीचा रंग दिवसाच्या उजेडात कसा दिसतो ते बघायचं होतं. ती टेबलावर ठेवून ती हातपाय धुवायला गेली. परत येते तो डहाळी खिडकीत, काचेच्या पेल्यात, पाण्यात उभी.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आणि शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मला सगळं दिसतं, ती म्हणे. "तुझी नवी जात ना ही?" तिनं कौतुकानं विचारलं. "सुकली असती पिशवीत. तुला काळजी म्हणून नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शेंगेनं तोंड उघडलं, आत्याचा चेहरा बघितला आणि मिटलं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी आत्यानं पाणी बदललं होतं. तिसऱ्या दिवशी पाण्यात चिमूटभर साखर घातली होती. चौथ्या दिवशी शेजारच्या दोघी बघून गेल्या आणि, आत्याच्या भिडेनं म्हणा किंवा लांबून बघितलं म्हणून म्हणा, वा वा करून गेल्या. रोज सकाळी आत्या खिडकीशी उभी राहून म्हणे, "कळी उद्या उघडेल." कळीला ती हात लावत नसे. हात लावला की कळी रुसते, असं तिचं मत होतं. नाहीतर भांडं पहिल्याच दिवशी फुटलं असतं.

आठव्या दिवशी शेंग दुकानात उतरली आणि बाबांच्या शेजारी बसली.

"बाबा, एक सांगायचंय. ती डहाळी..."

"प्लॅस्टिकची आहे," बाबा किल्ली घासत म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"देठावर साच्याची शिवण आहे. बारीक आहे, काम चांगलं आहे, पण आहे. मी दिवसभर शिवणीच बघतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू लावलेलं कुलूप. मी कशाला उघडू?" त्यांनी किल्लीवर फुंकर मारली. "पण लवकर उघड. परवा ती मला पेल्यातली मुळं दाखवत होती."

शेंग जिना चढून वर गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: कारखाना, यंत्रं, नंबर अकरा, मॅनेजरची सासू. आत्या ऐकत होती. मग ती उठली, पेल्याजवळ गेली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं कळीला बोट लावलं. दाबून बघितलं. पुन्हा दाबलं.

"मी हिच्याशी बोलत होते," ती म्हणाली.

"आत्या, मला माफ कर."

"रोज सकाळी. काय काय सांगितलं हिला मी." ती खुर्चीत बसली. शेंगेला वाटलं आता रडेल. आत्याचे खांदे हलायला लागले, आणि थोड्या वेळानं शेंगेच्या लक्षात आलं की ती हसतेय. हसता हसता तिला ठसका लागला, मग पाणी लागलं, आणि घाईत शेंगेनं पेल्यातलंच पाणी दिलं. "साखर आहे यात," आत्या म्हणाली आणि आणखी हसली. मग डोळे पुसून तिनं सरळ विचारलं, "लाजून लपवलंस का?"

"हो."

"प्लॅस्टिकचं म्हणून?"

"पाच वर्षं शिकले आणि हे करते म्हणून."

"हे बघ, मी आंधळी आहे हे मान्य. पण शेजारच्या दोघी आंधळ्या नाहीत. त्याही फसल्या. म्हणजे पाच वर्षं काही वाया गेलेली नाहीत." आणि पेला खाली ठेवत ती म्हणाली, "त्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर कुठे ठेवलाय तो काढ. यापुढे मी कुठल्याही कळीची वाट बघणार नाही."

घरचं एक ओझं उतरलं. दुसरं मात्र पंधरा दिवसांनी आपल्या पायांनी चालत कारखान्यात आलं. शेंग टेबलाशी होती. दारातून काळी दोरी दिसली, दोरीला भिंग दिसलं, आणि मागोमाग सर. त्यांच्या हातात गुलाबाचं एक प्लॅस्टिकचं पान होतं. शेंगेला वाटलं, नंबर अकराच्या ढिगाऱ्यात शिरून बसावं.

"बँकेत बसलो होतो," सरांनी नमस्कार-चमत्कार न करता सुरुवात केली. "नंबर लवकर येईना. कोपऱ्यात गुलाब होता. सहज पानं मोजली. दोन फेऱ्यांत पाच. म्हटलं, बँकेच्या आत, दिव्याच्या उजेडात गुलाब जगतो कसा? जवळ गेलो. उपपर्णं देठाला चिकटलेली. काटे खाली वाकलेले. पान तोडायला गेलो तर तुटेना. ओढलं. पहारेकरी आला." त्यांनी पान वर धरलं. "त्यानं मला मॅनेजरसमोर उभं केलं. त्या साहेबांनी कुंडी उलटी करून कारखान्याचं नाव दाखवलं. म्हटलं, इथे माझा कोणीतरी विद्यार्थी बसलेला असणार. एवढं मी कुणाला शिकवलं, तेवढं बघायला आलो."

"सर, मी..."

"चूक आहे," सर म्हणाले. शेंगेनं मान खाली घातली. "सगळी पानं एकाच वयाची आहेत. शेंड्याकडची लहान पाहिजेत, लालसर पाहिजेत. आणि एकाही पानाला किडीनं तोंड लावलेलं नाही. असा गुलाब माझ्या बघण्यात नाही."

कोपऱ्यातून साचेवाले काका पुढे आले. "लहान पानाचा साचा वेगळा लागेल," ते म्हणाले. "पण किडीचं जमेल. किती भोकं पाहिजेत?"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या खिशातून डोकावणारी पानं बघितली, आणि दोघंजण बाकाशी जाऊन बसले. अर्ध्या तासानं शेंगेला तिकडे बोलावणं आलं. तेव्हा सरांनी खरं काम काढलं.

यंदा पहिल्या वर्षाला एक मुलगी आली होती. तिला दिसत नव्हतं, जन्मापासून. शाळेत सगळ्यांनी तिला गाणं शिक म्हणून सांगितलं. "न दिसणाऱ्या प्रत्येकाला गळा असतो असं लोकांना का वाटतं, कोण जाणे," सर म्हणाले. "हिचा आवाज फाटका आहे. पण पानं चुरगळून वासावरून साठ-सत्तर झाडं ओळखते. तिला वनस्पतिशास्त्रच पाहिजे. मी घेतलं. आता फूल कसं शिकवू? वाटाण्याचं फूल बोटाच्या पेराएवढं. तिनं चाचपलं की त्याचा लगदा होतो. आमच्याकडची वाळवलेली झाडं तर हात लागला की तुटतात. मला हातभर लांब फूल पाहिजे. पाकळी पाकळी सुटी होणारं. आत सगळं जिथल्या तिथे."

मालकीणबाई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. "असली किती लागतील?" त्यांनी विचारलं.

"एक," सर म्हणाले.

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. एका नगासाठी साचा म्हणजे एका माणसासाठी रस्ता बांधण्यासारखं होतं. पण मग त्यांनी शेंगेकडे आणि काकांकडे बघितलं. दोघं आधीच कागदावर पाकळ्या काढायला लागले होते. "करा," त्या म्हणाल्या. "पण नंबर अकरा बंद करायचा नाही."

वाटाण्याचं फूल दोन महिने चाललं. मागची रुंद पाकळी, बाजूच्या पंखांसारख्या दोन, आणि खाली होडीसारख्या जुळलेल्या दोन. त्या उघडल्या की आत दहा पुंकेसर, आणि त्यांच्या कुशीत पुढे शेंग होणारा कोवळा अंडाशय. काकांना हे ऐकून फार मजा वाटली. "म्हणजे शेंग आधीपासून आतच असते?" ते विचारत आणि शेंगेकडे बघत. पाकळ्यांवरच्या शिरा त्यांनी बोटाला लागतील इतक्या उठावदार केल्या. मावशींनी अंडाशयात मण्यांसारखी बीजं एका रांगेत ओवून दिली, देठाला धरून, एकेक.

ती मुलगी आली तेव्हा सगळा कारखाना काही ना काही निमित्त काढून बाकाभोवती जमला. बारीक, टोकदार हनुवटीची, सोबत तिची आई आणि सर. तिनं फूल मांडीवर घेतलं. मागच्या पाकळीवरून तळवा फिरवला, पंख सोडवले, होडी उघडली. यंत्रं कुणीतरी बंद केली होती. तिच्या चेहऱ्यावर हसू येतं का म्हणून सगळे बघत होते. तिच्या कपाळाला आठी पडली.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं, नऊ पुंकेसर एकत्र असतात आणि दहावा सुटा असतो."

"बरोबर."

"इथे दहाही चिकटलेत."

सरांनी भिंग उचललं. शेंगेनं वाकून बघितलं. दहावा पुंकेसर खरोखरच बुडाशी चिकटलेला होता. सरांनी काल तासभर ते फूल तपासलं होतं, शेंगेनं तर शंभरदा. कुणाला दिसलं नव्हतं.

"तो सारखा गळून पडत होता," काका हळूच म्हणाले. "मी डिंकाचा एक थेंब लावला. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय."

"मधमाशी तिथूनच तोंड घालते, काका," ती मुलगी म्हणाली. "दहावा सुटा नसेल तर मधाला वाटच नाही."

काकांनी साचे कोरण्यात गेलेल्या आयुष्यात कुणाकडून एवढं मुकाट्यानं ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी पटाशी घेतली, तिच्या शेजारी बसून दहावा पुंकेसर सोडवला आणि त्याला एक बारीक खाच करून परत बसवला. तिनं बोटानं तो काढला, घातला, पुन्हा काढला. आता ती हसली, आणि हसली ती अशी की मावशींनी उगाच तारेची वेटोळी आवरायला घेतली. त्या दिवसापासून काका तिला इन्स्पेक्टर म्हणायला लागले.

फूल एकच राहिलं नाही. सरांनी ते वर्गात ठेवलं तर दिसणारी मुलंही त्याच्यावर तुटून पडली. मग दुसऱ्या विद्यापीठातून पत्र आलं, मग एका शाळेचं. मालकीणबाईंनी कारखान्याच्या मागच्या खोलीतली जुनी खोकी हलवून तिथे एक वेगळं टेबल मांडलं आणि दारावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: शिकायची फुलं. त्या खोलीचा कारभार शेंगेकडे आला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी इन्स्पेक्टर तपासणीला येई आणि दर वेळी काहीतरी काढी. एकदा तिनं मक्याच्या कणसाच्या दाण्यांच्या रांगा मोजल्या. तेरा भरल्या. "कणसाला रांगा नेहमी समच असतात," ती म्हणाली, आणि काकांना सबंध कणीस पुन्हा करावं लागलं.

आत्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर तिनं सगळ्यात आधी काय बघितलं असेल तर घरातला केर; दोन दिवस ती कोपरे झाडत होती. मग तिसऱ्या दिवशी तिनं चप्पल घातली आणि शेंगेबरोबर कारखान्यात आली. वाटाण्याचं फूल उघडून मिटून बघितलं, मावशींशी पाच मिनिटांत गट्टी केली, आणि नंबर अकरासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हे कोणतं झाड गं?" तिनं विचारलं.

"असं झाडच नसतं, आत्या."

"दिसायला बाकी छान आहे," आत्या म्हणाली, आणि मालकीणबाईंनी शेंगेकडे 'बघितलंस?' अशा नजरेनं बघितलं.

तो महिन्याचा पहिला शनिवार होता, आणि इन्स्पेक्टरनं नवी मागणी आणली. तिला गवताचं फूल हवं होतं.

"गवताला फूल असतं?" काकांनी विचारलं.

"असतं," शेंग म्हणाली. "सगळ्यांत अवघड तेच. ना पाकळ्या, ना रंग. नुसती कुसळं आणि त्यांच्या आत दडून बसलेले तीन पुंकेसर."

काकांनी चष्मा पुसला. कारखान्याच्या मागच्या कुंपणाबाहेर गवत कमरेएवढं वाढलं होतं. कुणी कधी तिकडे बघितलं नव्हतं. शेंगेनं दार ढकललं आणि ती पुढे झाली. तिच्या खांद्यावर हात ठेवून इन्स्पेक्टर, तिच्या मागे काका, आणि आत्या सगळ्यांत शेवटी, नव्या डोळ्यांनी जमिनीकडे बघत, प्रत्येक काडीपाशी थांबून विचारत, "हे का? की हे?"